श्रीमान फुल असेंब्ली यांस, औशाहून

औसा, जि. लातूर

श्रीमान फुल असेंब्ली साहेब यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या चार महिन्यांत आपलं नाव मी इतक्या काउंटरांवर इतक्या आदराने घेतलेलं ऐकलं, की एकदा ओळख करून घ्यावीच असं ठरवलं. आपला पत्ता मात्र मिळाला नाही. लातूरच्या काउंटरवरचा पोरगा म्हणतो आपण पुण्यात असता, पुण्याचे म्हणतात ‘वरून’ येता. म्हणून पत्र उघडंच ठेवलंय. ज्याच्या हाती पडेल त्याने पोचतं करावं.

हकीकत अशी. माझ्या गाडीत (कंपनीचं नाव लिहीत नाही, हप्ते अजून चालू आहेत) डावीकडे कागदपत्रं ठेवायचा कप्पा आहे. त्याचं झाकण ज्या तुकड्यावर अडकतं तो तुकडा मोडला. काळं प्लॅस्टिक, अंगठ्याच्या नखाएवढं. तेव्हापासून प्रत्येक गतिरोधकाला झाकण उघडायचं आणि शेजारी बसलेल्या आमच्या मंडळींच्या गुडघ्यावर आदळायचं. आमच्याकडे गतिरोधक किती आणि कुणाच्या मर्जीने असतात ते आपणास कुणीतरी सांगितलं असेलच. तुळजापूरला जाऊन येईपर्यंत गुडघ्याला टेंगूळ आलं आणि घरात माझ्या नावाने बरंच काही.

दुसऱ्या दिवशी लातूर गाठलं. सुट्या भागांच्या काउंटरवरच्या पोराने संगणकावर कप्प्याचं चित्र काढलं. फार सुंदर चित्र होतं, साहेब. सगळे तुकडे सुटे होऊन हवेत तरंगत होते, जणू कप्प्याला नुकताच मोक्ष मिळालाय. माझा तुकडाही त्यात होता. मी बोट ठेवलं, “हाच.” पोरगा म्हणाला, “याला नंबर नाही काका.”

“पण चित्र आहे की!”

“चित्र आहे. नंबर नाही. फुल असेंब्ली घ्यावी लागती.”

तेव्हा पहिल्यांदा आपलं नाव कानावर पडलं. ॲडव्हान्स भरायचा, आठ-दहा दिवस वाट पाहायची, आणि कप्पा, झाकण, बिजागरी, दट्ट्या असा सगळा कुटुंबकबिला घरी आणायचा. एका दाताचं दुखणं घेऊन गेलो तर डॉक्टरांनी नवं डोकं सुचवावं, तशी गत. बरं, जुन्या कप्प्याचं काय करायचं? तर “टाकून द्या.” अख्ख्या कप्प्याला ओरखडा नाही, आणि टाकून द्या.

एक मान्य करतो. आपली बाजू मी समजून घेतली आहे. शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवल्यावर दुसऱ्याची बाजू समजून घ्यायची वाईट खोड लागते. गाडीची कंपनी तो कप्पा स्वतः करत नाही. बाहेरचा पुरवठादार तो अख्खा जोडून पाठवतो, त्यामुळे माझा तुकडा कंपनीच्या दारात सुटा कधी येतच नाही. एका गाडीत हजारो भाग; प्रत्येक नखाएवढ्या तुकड्याला नंबर द्यायचा, पिशवीत भरायचा आणि दहा-पंधरा वर्षं गोदामात सांभाळायचा, तर पिशवी तुकड्यापेक्षा महाग पडते. आतले जोड तर असे मारलेले की एकदा बसले ते बसले, उघडायला गेलं तर मोडतात. सगळं पटतं. फक्त या सोयीचं भाडं आमच्या मंडळींच्या गुडघ्याने का भरावं, एवढंच पटत नाही.

मग म्हटलं, नाही मिळत तर करून घेऊ, आणि तेही धातूचं. लातूरच्या गंजगोलाईच्या सोळाही रस्त्यांनी फिरलो. हार्डवेअरच्या दुकानांत कडीकोयंडे मिळाले, कपाटाचे चुंबक मिळाले, एकाने तर देवघराची कडी गळ्यात मारली. भाच्याने भोसरीच्या एका संगणकी यंत्रांच्या कारखान्याचा नंबर दिला. तिथले गृहस्थ बोलायला अगदी गोड. “ड्रॉइंग पाठवा, थ्रीडी फाइल पाठवा. किती नग?” म्हटलं, “एक.” पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं फोन कटला. मग हळूच, “सर, शंभर असतील तर बोला.” त्यांचंही चुकत नाही. यंत्रावर प्रोग्राम चढवायचा, पकड बसवायची, हत्यार लावायचं, यात अर्धा दिवस जातो; तो शंभरांत वाटला तर परवडतो, एकट्यावर पडला तर चांदीचा कप्पा स्वस्त. शंभर नग घेऊन उरलेले नव्व्याण्णव लग्नात आहेर म्हणून द्यावेत, हा विचार क्षणभर आला, खोटं बोलत नाही.

शेवटी आलो तो माझ्याच गावात, किल्ल्याच्या वाटेवरच्या उस्तादांकडे. त्यांच्या लेथवर बोअरच्या मोटारीचे शाफ्ट येतात, मळणीयंत्राची बुशं येतात, उन्हाळ्यात रसवंतीचे रूळ येतात. मी जाताना आलेखाच्या कागदावर तुकड्याची तीन बाजूंनी आकृती काढून नेली होती, मापांसकट. उस्तादांनी ती आदराने पाहिली, चहाच्या ग्लासाखाली ठेवली आणि म्हणाले, “मोडकी जीभ आणलाव का सर?”

साहेब, इथे जरा थांबा. जीभ. चार महिन्यांत कुणी त्या तुकड्याला नावाने हाक मारली ती पहिल्यांदा. “ही जीभ. ही समोर जिच्यात अडकते ती दाढ. जिभेला पाठीमागून रेटतो तो घोडा.” तुमच्या संगणकाकडे ज्याला साधा नंबर नव्हता, त्या कप्प्यात उस्तादांना अख्खा गोतावळा दिसत होता.

मग काम. दीड सूत जाडीची पितळी पट्टी काढली. (आमच्याकडे अजून सुतातच बोलतात, आठ सूत म्हणजे एक इंच. तुमचे मिलिमीटर व्हर्निअरवर असतात, तोंडात नसतात.) मोडक्या जिभेचे दोन तुकडे पट्टीवर जुळवून ठेवले, सुईने कडेकडेने रेघ मारली. पट्टी शेगड्यात आवळली, करवत चालवली, मग कानस. आधी जाड दातांची, मग बारीक. मध्येच थांबून तुकडा डोळ्यांसमोर धरायचा, उजेडाकडे बघायचं, परत दोन हात मारायचे. दिव्याची काजळी तेलात कालवून जिभेला फासली, कप्पा एकदा मिटला, उघडला. दाढेवर जिथे काळा डाग उमटला तिथे जीभ घासत होती. तेवढंच घासलं. पुन्हा काजळी, पुन्हा मिटलं. पाच वेळा. सहाव्या वेळी ‘टक्’ असा आवाज आला. माझ्या आयुष्यातल्या मोजक्या संगीतानुभवांपैकी तो एक. शेवटी सगळ्या कडा गोल केल्या. का, विचारलं तर म्हणाले, “धातू आहे सर. उद्या झटका बसला, मॅडमचा गुडघा लागला, तर प्लॅस्टिक मोडतं, हे कापतं.”

दीडशे रुपये. त्यात चहा त्यांचाच.

आता धीर चेपला होता, म्हणून वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीचं काम काढलं. १९८४ ची गाडी. सोलापूरच्या मातीत जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभारलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. तेव्हा पैसे भरून वर्षानुवर्षं नंबराची वाट पाहावी लागे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आमची मात्र शेडमध्ये उभी आहे आणि दसऱ्याला अजून झेंडूचा हार मिरवते. तिच्या खिडकीची काच चढवायचं हँडल आमच्या भाच्याने मोडलं. व्यायामशाळेत कमावलेला जोर त्याला कुठेतरी लावायचाच होता.

उस्तादांनी ते हातात घेऊन वजन पाहिलं. “जस्त आहे. झाल बसायची नाही.” विज्ञान शिकवणाऱ्याला तिथे मान खाली घालावी लागली. जस्त ४१९ अंशांना वितळतं, त्याच्या ओतीव मिश्रणाला तेवढीही कळ निघत नाही, आणि पितळी झाल धरायला नऊशेच्या आसपास जावं लागतं. जोड लागण्याआधी हँडल थेंबाथेंबाने जमिनीवर. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. गॅसच्या नळीपाशी उभं राहिल्यावर आठवलं नाही.

म्हणून नवं हँडल, पितळेचं. अडचण एकच, हँडलच्या भोकातले दाते. बाहेरून दाते पाडता येतात, पण इवल्या भोकाच्या आत कसे पाडायचे? त्याला वेगळी यंत्रं लागतात, आणि ती लेथच्या खोलीत नसतात. उस्तादांनी भंगारातून काच चढवायच्या जुन्या यंत्राचा पोलादी दांडा आणला, त्याच्या तोंडाला धार लावली, पितळेला दांड्यापेक्षा जरा लहान भोक पाडलं आणि दांडा त्यात दाबत नेला. दांड्याच्या दात्यांनी मऊ पितळेत आपली जागा आपणच कोरून घेतली. दाबताना बारीक सोनेरी कीस बाहेर पडत होता. मी तो कागदाच्या पुडीत बांधून आणलाय, का ते विचारू नका.

उस्तादांना आता मजा वाटू लागली होती. म्हणाले, “हो जाता सर, कायको टेन्शन. मूठ तेवढी बीदरहून करून आणू का? चांदीची फुलं काढून.” चेष्टा होती, पण बिनबुडाची नव्हती. निलंग्याच्या वाटेने गेलं की बीदर, आणि बिदरीची भांडी म्हणजे तरी काय? जस्तच. त्यात थोडं तांबं, साच्यात ओतायचं, कोरून चांदी बसवायची आणि नवसागर घालून तिथल्या किल्ल्यातल्या मातीने काळंभोर करायचं. २००६ मध्ये बिदरी कामाला भौगोलिक मानांकनही मिळालं. जस्ताशी एवढी जुनी सोयरीक असलेल्या मुलखात, साहेब, आपण आम्हाला नखाएवढ्या प्लॅस्टिकसाठी काउंटरवर उभं केलंत.

उस्ताद सगळंच करतात असं मात्र समजू नका. सीटबेल्टचा खटका अडकतो म्हणून तोही पुढे केला, तर त्यांनी हातही लावला नाही. “हे मी करणार नाही सर. हे कंपनीचंच घ्या, पुरं घ्या.” आपला सन्मान राखणारा माणूस मला औशात भेटला तो हा.

आपल्या घराण्याविषयी थोडं वाचनही केलं. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, हा आक्षेप. पुढे अपिलं झाली, ती आपणास जास्त ठाऊक. मग जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. मोबाईल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं आणि मोटारी, अशी तिची क्षेत्रं. ही बातमी मी उस्तादांना वाचून दाखवली. कानस न थांबवता ते म्हणाले, “हक्क मिळायलाय म्हणता? मग इतके दिवस आम्ही काय चोऱ्या करायलोव का?”

जाता जाता एक. लातूरजवळ हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आहे. ३१ मार्च २०१८ ला भूमिपूजन झालं, २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. अख्ख्या डब्याचा सांगाडा आमच्या जिल्ह्यात झाला, जीभ तेवढी ‘वरून’ येते. लातूरच्या त्या पोराला मी हे सांगितलं. त्याने प्रामाणिकपणे विचारलं, “काका, डब्याला नंबर असेल ना?”

असो. आपल्याकडील लहानथोर नटबोल्टांस आशीर्वाद, घोड्यास नमस्कार. लोभ आहेच, वाढवण्याची ऐपत नाही.

आपला,
एक सुटा ग्राहक

ता. क. : पितळी जीभ फारच दणकट झाली आहे. परवा नीट पाहिलं तर समोरची दाढ झिजू लागली आहे. ती डॅशबोर्डाच्या अंगातच ओतलेली, म्हणजे आपल्या हिशेबाने आता अख्खा डॅशबोर्ड. उस्तादांनी तिचं माप घेऊन ठेवलंय, माझ्याच आकृतीच्या पाठीमागे, चहाच्या डागाशेजारी.