अर्ध्या ग्लासाची बखर

सासऱ्याने जावयाबरोबर दारू प्यायला बसू नये, असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही. पण लिहिलेलं असणारच, अशी आमच्या घरात ठाम समजूत आहे. म्हणून लंडनला लेकीकडे असताना जावई एका संध्याकाळी म्हणाले, "बाबा, तुम्हाला इतिहासाची आवड आहे ना? सोहोत एक जुनी वास्तू आहे." यातला 'वास्तू' हा शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोचेल अशा बेताने उच्चारला होता. मी ताबडतोब बूट चढवले. जावई हुशार आहे, हे मी लग्नाच्या बैठकीतच ओळखलं होतं.

वास्तू डीन स्ट्रीटवर आहे. नाव 'फ्रेंच हाउस'. निळा दर्शनी भाग, वर फ्रेंच झेंडे, आणि आत जागा म्हणाल तर आपल्याकडच्या एखाद्या हॉलमध्ये मावेल एवढी. भिंतींवर इतकी छायाचित्रं की आत माणसं कमी असली तरी गर्दी वाटते. मी काउंटरला टेकून ऐटीत 'एक पिंट' म्हणालो. पलीकडच्या पोराने नम्रपणे मान हलवली. इथे बिअर पिंटाने मिळत नाही, अर्ध्यानेच मिळते. इंग्रजांचा पिंट ५६८ मिलिलिटरचा. इथे सगळ्यांना २८४. शिवाय गाणी नाहीत, टीव्ही नाही आणि मोबाइल काढायचा नाही.

पुण्याच्या माणसाला सातासमुद्रापार अवचित माहेर भेटलं. काय मिळेल यापेक्षा काय मिळणार नाही, हे गिऱ्हाइकाला आधी सांगणारं दुकान! फक्त 'चौकशी करू नये' ही पाटी तेवढी दिसली नाही, म्हणून मी चौकशी केली. अर्धाच का? तर म्हणे, फार पूर्वी इथे फ्रेंच खलाशांची मारामारी झाली, पिंटाचे जाडजूड ग्लास एकमेकांच्या डोक्यात घातले गेले, तेव्हापासून मालकाने मोठे ग्लासच बंद केले. (दर एक एप्रिलला मात्र पिंट मिळतो. नियम मोडायला त्यांनी दिवसही नेमका निवडलाय.)

ही झाली बखर. आपल्याला हा प्रकार नवा नाही. इतिहासकार राजवाडे आयुष्यभर गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करत राहिले ते कशासाठी? बखरकार सांगतो ते रसाळ असतं, पण कागद काय म्हणतो ते बघा, यासाठीच ना? तेव्हा मी ठरवलं की या पबाच्या लँडलॉर्डांची वंशावळ मांडायची. निघण्यापूर्वी थोडं वाचून ठेवलं होतं. वही नव्हती, मोबाइल काढायचा नव्हता. मग जावयांनी पहिल्या अर्ध्यांचे पैसे दिल्यावर आलेली पावती मी उलटी केली आणि पेन काढलं.

'लँडलॉर्ड' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पागडी मागणारा घरमालक उभा राहतो. तिकडे पब चालवणारा तो लँडलॉर्ड, मग त्या इमारतीतली एक वीटही त्याची नसो. बऱ्याच ठिकाणी वास्तू दारूभट्टीवाल्या कंपनीची, परवाना याचा. इंग्लंडात दारूगुत्त्याला परवाना लागू लागला तो १५५२ च्या कायद्याने. माणूस सरळ आहे की नाही हे न्यायाधीशांनी पाहायचं आणि मगच त्याने इतरांना वाकडं चालायला लावायचं, अशी ती व्यवस्था. परवानेदाराचं नाव दारावर रंगवायची रीत पुढे आली. म्हणजे दारापाशी उभं राहून वर बघितलं की मालकाचं नाव कळायचं, आणि बाहेर पडताना वाचता आलं नाही की आपण किती घेतली तेही कळायचं.

तर वंशावळ. काउंटरवरची गोष्ट अशी: १९१४ साली महायुद्ध सुरू झालं, इथला जर्मन मालक घाबरला, आणि व्हिक्टर बेर्लमाँ नावाच्या बेल्जियन गृहस्थाने पब विकत घेतला. इंग्लंडमध्ये पबाचा परवाना मिळवणारा हा पहिला परदेशी माणूस. ऐकताना मान डोलावली जाते. मग अर्ध्या ग्लासातला दुसरा घोट घेताना लक्षात येतं, की जर्मनाकडून पब घेणारा बेल्जियन पहिला परदेशी कसा?

कागद आणखी मजेशीर आहे. क्रिस्टियान श्मिट नावाच्या जर्मनाने हा पब १८९१ मध्ये सुरू केला. पण महायुद्धाला घाबरायला तो हयातच नव्हता; १९११ मध्येच वारला होता. पुढची तीन वर्षं पब चालवला तो त्याच्या बायकोने, बर्था श्मिट यांनी. युद्धाच्या वर्षी या एकट्या जर्मन बाईने तो विकला. म्हणजे घाबरण्याचं खरं कारण जिच्यापाशी होतं, तीच गोष्टीतून गळली. बखरीत राहिला मेलेला नवरा. परक्या देशात, नवरा गेल्यावर, दारुड्यांना सांभाळत गल्ला राखणं ही काही भिंतीवर तसबीर लावण्याजोगी गोष्ट नव्हे, असं कुणाला तरी वाटलं असणार. मी पावतीवर तिचं नाव जरा मोठ्या अक्षरात लिहिलं.

बेर्लमाँ घराण्याच्या नशिबाने त्यांच्याकडे मिशाही होत्या आणि गोष्टी सांगायची हौसही. सोहो म्हणजे लंडनमधली परदेशी माणसांची पेठ. तिथे फ्रेंच बोलणारा मालक मिळाल्यावर पबाचं नाव 'यॉर्क मिन्स्टर' असूनही लोक त्याला 'फ्रेंच' म्हणू लागले. आपल्याकडे मुंबईतली ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, तरी टॅक्सीवाल्याला आपण 'दादर टीटी' सांगतो, तसंच हे. ट्रामचा टी जातो, तोंडातला जात नाही.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा फ्रान्स पडला आणि १९४० च्या जूनमध्ये जनरल द गॉल लंडनला आले. फ्रेंच जनतेला उद्देशून त्यांनी केलेलं आवाहन याच पबात लिहिलं गेलं, असं सांगतात. ते 'सर्व फ्रेंच जनांस' अशा मथळ्याचं पत्रक लंडनच्या भिंतींवर लागलं, हे खरं. ते लिहिताना जनरलसाहेबांची कोपरं याच लाकडावर टेकली होती का, असं मी जावयांना विचारलं. ते म्हणाले, "बाबा, आपल्याकडे महाराज जेवढ्या वाड्यांत एकेक रात्र राहिले म्हणतात, तेवढ्या रात्री एका आयुष्यात बसतात का?" दुसरे अर्धे मागवले. दुसरी पावती आली.

डिलन थॉमस हा वेल्श कवी 'अंडर मिल्क वुड'चं हस्तलिखित इथल्या खुर्चीखाली विसरून गेला, हीसुद्धा इथलीच गोष्ट. हा मान सोहोतले दुसरे पबही सांगतात. हस्तलिखित हरवलं होतं एवढं नक्की, कारण ते कोर्टात गेलं. बीबीसीचे निर्माते डग्लस क्लेव्हर्डन यांना थॉमसने अमेरिकेला जाताना सांगितलं होतं, की सापडलं तर तुम्हीच ठेवा. त्यांना ते सापडलं. कवी नोव्हेंबर १९५३ मध्ये न्यूयॉर्कला वारला. पुढे त्याच्या बायकोच्या बाजूने दावा झाला आणि १९६६ मध्ये निकाल लागला की ही भेटच होती. निघता निघता बोललेल्या वाक्याचं पुढे कायद्याच्या पुस्तकात जाणं, हे माझ्या मते द गॉलच्या भाषणापेक्षा दुर्मीळ आहे.

व्हिक्टर १९५१ मध्ये गेला, आणि मुलगा गॅस्टन गादीवर आला. गॅस्टन १९१४ चा, जन्म याच पबातला म्हणतात. आणि पब घरात आला तोही १९१४ मध्येच. आधी पोर की आधी पब, हे मी विचारलं नाही. काही कागद पाहू नयेत. हा माणूस बायकांच्या हाताचं चुंबन घेऊन स्वागत करायचा, आणि एखादा पिऊन डोईजड झाला तर त्याला म्हणायचा, की आता आपल्या दोघांपैकी एकाला इथून जावं लागेल आणि तो मी नसेन. आमच्या गल्लीतल्या इराण्याने एवढ्या सभ्यपणे कधी कुणाला उठवलं नाही. तो नुसता पंखा बंद करायचा.

९ जुलै १९८४ ला खऱ्या यॉर्क मिन्स्टरला, म्हणजे यॉर्क शहरातल्या प्रचंड चर्चला, आग लागली. जीर्णोद्धारासाठी लोकांनी देणग्या पाठवल्या आणि त्यांतल्या काही डीन स्ट्रीटवरच्या पबात येऊन पडल्या! गॅस्टनने त्या इमानाने पुढे पाठवल्या, तेव्हा त्याला कळलं म्हणे, की त्याच्यासाठी निघालेली तांबडी वाइन अधूनमधून चर्चमध्ये उतरत होती. ती परत आली का, यावर बखर गप्प आहे. मग पबाचं नाव रीतसर 'फ्रेंच हाउस' झालं. सरकारं पाट्या बदलतात आणि लोक जुनंच नाव घेतात. इथे लोकांच्या तोंडचं नाव निमूटपणे पाटीवर गेलं.

गॅस्टन निवृत्त झाला तो १९८९ च्या १४ जुलैला, फ्रेंच राज्यक्रांतीला दोनशे वर्षं झाली त्या दिवशी. बाप-लेकांनी मिळून पंचाहत्तर वर्षं गल्ला सांभाळला. त्याच्यानंतर आल्या लेस्ली लुईस. बर्थाबाईंनंतर पंचाहत्तर वर्षांनी पुन्हा बाईमाणूस. तिसऱ्या पावतीवर हे लिहिताना मला उगाचच बरं वाटलं.

एवढं सगळं असून कागद तरी कुठे पुरा आहे? इंग्लंडात खानेसुमारीतली नावं शंभर वर्षांनी उघडतात. १९२१ ची उघडली २०२२ मध्ये. १९३१ ची कागदपत्रं १९४२ मध्ये जळून गेली, आणि १९४१ ला युद्धामुळे शिरगणती झालीच नाही. म्हणजे राजवाड्यांनाही इथे अर्ध्यावरच भागवावं लागलं असतं.

घरी पोचलो तेव्हा ही जागीच होती.

"पाहिली वास्तू?"

"पाहिली."

"घेतली असेल."

"अर्धा," मी म्हणालो. "तिथे अर्ध्याच्या वर देतच नाहीत. विचार जावयांना."

जावयांनी मान डोलावली. मी कोट काढून खुंटीला लावला, तेवढ्यात खिशातून तीन पावत्या जमिनीवर पडल्या. हिने चष्मा लावला, एकेक पावती सुलटी करून बाजूबाजूला मांडली, पुन्हा उलटी केली.

"तीन अर्धे," ती म्हणाली. "ते असू दे. ही बर्था कोण?"