सामाईकभाऊ

सातबाऱ्यावर 'सामाईक विहीर' असा शब्द आला की आपल्याकडं दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. बोरी अरबात डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या आमच्या भाऊंना मात्र जगात तोच एक शब्द गोड लागतो. दुकानातले पोट्टे त्यांना पाठीमागं 'सामाईकभाऊ'च म्हणतात. घरी कात्री एकच, तीही सुतळीनं खिळ्याला बांधलेली. कात्री कापडाकडं जात नाही, कापड कात्रीकडं येतं. वहिनींनी एकदा दुसरी कात्री आणली, तर भाऊ दोन दिवस मुकाट्यानं जेवले. तिसऱ्या दिवशी ती कात्री दिसेनाशी झाली.

एका गणेश मंडळानं २५ वर्षांचे अहवाल जुन्या फॉन्टातून युनिकोडात करायला दिले आणि भाऊंच्या अंगात आलं. जुन्या फॉन्टात दिसतं तसं टंकायचं : 'किती'साठी आधी वेलांटी, मग क. युनिकोडात आधी क, मग वेलांटी. रफाराचं नेमकं उलटं. रूपांतरात चुकलं की बिचारी वेलांटी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ कडेवर घेऊन उभी राहते. तिन्ही पोट्टे आपापल्या मतानं दुरुस्ती करायचे. एकाचं शीर्षक १६ पॉइंटचं, दुसऱ्याचं १८चं. फोल्डरात 'स्टाइल', 'स्टाइल नवी', 'स्टाइल फायनल', 'स्टाइल फायनल खरी'.

"काहून बे," भाऊ कडाडले, "एका लग्नात चार नवरदेव?"

त्यांनी 'सामाईक' नावाचं फोल्डर केलं. आत दोनच फाइली. एक स्टाइलशीट : शीर्षक केवढं, समास किती, ओळींत अंतर किती. दुसरी एन्टिटींची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या मजकुराच्या टोपणनावांची. मंडळाचं हातभर नाव दर पानावर लिहायचंच नाही; नुसतं '&मंडळ;' टंकायचं, फाइल उघडताना पूर्ण नाव आपोआप उमटतं. नाव बदललं तर एक ओळ बदला, २५ अहवाल सुधारतात. ही सोय १९८६च्या एसजीएमएलपासूनची, तिथून ती १९९८च्या एक्सएमएलमध्ये आली. भाऊ हे असं सांगतात, जणू दोन्ही ठरावांना अनुमोदन त्यांचंच होतं.

"तिघांनी तीन विहिरी कायले खंदता? एक खंदा, सारे पानी भरा!" फाइलची कॉपी करणाऱ्याला दंड : सगळ्यांचा चहा.

पण उत्साहाच्या भरात त्यांनी 'अध्यक्ष'सुद्धा त्या विहिरीत टाकला. तेवढ्यात मंडळाचा अध्यक्ष बदलला. भाऊंनी एक ओळ बदलली, निवांत चहा प्याले. संध्याकाळी पाहतो तर २५च्या २५ अहवालांवर नवे अध्यक्ष विराजमान! नवे अध्यक्ष २८ वर्षांचे. म्हणजे पहिल्या अहवालात, वयाच्या तिसऱ्या वर्षी, ते मिरवणुकीत शिस्त पाळण्याचं कळकळीचं आवाहन करत होते.

जुने अध्यक्ष तडक दुकानात. "सभामंडप म्या बांधला, अन् नाव ह्या पोट्ट्याचं?"

नवे अध्यक्ष प्रूफ डोळ्यांपासून लांब धरून म्हणाले, "राहू द्या न भाऊ. छान दिसून रायलं."

भाऊंनी तीन दिवस बसून ज्याचं वर्ष त्याला परत केलं. मग नियम झाला : दर वर्षी जे सारखंच, तेवढंच सामाईक, बाकीसाठी नवं फोल्डर, 'ज्याचं त्याचं'.

सोमवारी मी मुद्रितं तपासताना ते सहज उघडलं. आत तिन्ही पोट्ट्यांची तीन फोल्डरं. प्रत्येकात एकेक 'सामाईक'.

हे सांगायला म्हणून भाऊंच्या घरी गेलो. भाऊ आंघोळीला गेले होते. वहिनी शिवणाच्या डब्यातून दुसरी कात्री काढून, एक कान न्हाणीघराकडं ठेवून, घाईघाईनं पोलक्याचं कापड कापत होत्या.

मी आल्या पावली परत फिरलो.