दाजींचा मीडिया

मासे पाळणारी माणसं अबोल असतात, अशी समजूत ज्याची असेल त्यानं कुरुंद्याला आमच्या दाजींकडे एक मुक्काम करावा. हातपाय धुवायला मोरीत जावं तर तिथे झाकलेली बादली असते आणि मागून आवाज येतो, "पावणे, त्या बादलीला हात लावू नका. मीडिया हाय!"

तुमच्याही नात्यात असा एक असणारच. कुणाचा जीव बुलेटवर, कुणाचा इन्व्हर्टरवर. दाजींचा फिल्टरवर. मासे दोनच, गोल्डफिश, आणि तेही विचारलं तर दाखवतात.

दाजी हळदवाले शेतकरी. शेतात ठिबक, ठिबकला सँड फिल्टर आणि त्याला बॅकवॉश द्यायची जुनी सवय. लेकीच्या हट्टापायी नांदेडहून काचेची टाकी आणली तेव्हा त्यांनी तोच न्याय लावला. दर रविवारी स्पंज, नळ्या, खडे, सगळं नळाखाली घासून लख्ख. टाकी आरशासारखी आणि मासे उताणे. तीन जोड्या गेल्यावर कुणी तरी सांगितलं की पाणी फिल्टर साफ करत नाही, फिल्टरात राहणारे जिवाणू करतात. ते ज्याच्यावर राहतात तो मीडिया. त्या दिवशी हा शब्द घरात शिरला आणि ताईचं सुख बाहेर पडलं.

हे शास्त्र दाजी जेवतानाच सांगतात. "मासा खातो तिथंच हगतो," वरणाची वाटी माझ्याकडे सरकवत ते सुरू होतात. "त्याचा होतो अमोनिया. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. ते बी विषच. दुसरी जात त्याचं नायट्रेट करते. ते आठवड्याला चौथाई पाणी बदललं की निघतं. घ्या, भात घ्या." स्पंज मोठी घाण अडवतो, पांढरा कापूस बारीक गाळ धरतो, आणि सिरॅमिकच्या नळ्यांच्या छिद्राछिद्रांत जिवाणूंची वस्ती असते. पाणी याच क्रमानं जायला हवं, नाही तर वस्तीत चिखल भरतो. कोळशाबद्दल मात्र त्यांचं मत बरं नाही. "कार्बन आला की चार दिवस रुबाब. वास घालवतो, रंग घालवतो. माशाला औषध दिलं तर तेबी पिऊन टाकतो. महिन्याभरात भरला की नुसता बसून. जावयासारखा." हे आमचे जावईच सांगत होते, तिसरी पोळी मोडत.

नळ्या महाग पडतात म्हणून त्यांनी ठिबकच्या जुन्या नळीचे बोटभर तुकडे करून पाहिले. मग टोकाईच्या माळावरून भोकाभोकांचा काळा दगड आणला. त्याच्यावर लिंबू पिळलं. फेस आला तर दगडात चुना, आणि बोअरचं पाणी आधीच जड. फेस आला नाही. त्या दिवशी पोह्यांवर लिंबूही आलं नाही.

पारावर बसले तरी तेच. निवडणुकीचे दिवस होते, एक उमेदवारही पारावर होता. कुणी तरी म्हणालं, "सगळा मीडिया विकत घेतलाय हो."

"विकतचा मीडिया लगेच कामाला येत नसतो," दाजी म्हणाले. "चार ते सहा आठवडे जातात."

"पण मॅनेज करावाच लागतो ना?"

"करा. पण सगळा एकदम बदलायचा नाही. निम्मा जुना ठेवायचा."

त्या उमेदवारानं हे फार गंभीरपणे ऐकून घेतलं.

एकदा मी भलेपणानं त्यांचा काळाकुट्ट स्पंज नळाखाली धुतला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं, तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात खंगाळायचा असतो, हे मी वीस वेळा ऐकलं होतं, म्हणजेच ऐकलं नव्हतं. चार दिवसांनी एक मासा गेला. दाजी काही बोलले नाहीत. त्या माणसाचं न बोलणं मी तेवढंच एकदा अनुभवलं.

2022 च्या जुलैत कुरुंद्यात पुराचं पाणी घराघरांत शिरलं. दाजींनी म्हातारी आई वर नेली, कागदपत्रं नेली, हळदीची पोती जमली तेवढी नेली. मग पुन्हा उतरले. एका पातेल्यात मासे, दुसऱ्यात मीडिया. वीज गेलेली, पंप बंद, आणि हवेविना जिवाणू काही तासांतच मरू लागतात. ताई म्हणते, "माझं कपाट भिजलं, आन् हे रात्रभर तांब्यानं वरून धार सोडत बसलेत."

मी फोनवर विचारलं, "मीडिया आला होता म्हणे गावात?"

"आला आन् गेला. आपला हाय."

लेक आता पुण्याला शिकते. टाकी अजून तिच्याच अभ्यासाच्या टेबलावर आहे. तिथे दुसरं काही ठेवलेलं दाजींना चालत नाही.

गेल्या दिवाळीत माझ्या मुलानं टाकी घेतली. दुसऱ्याच दिवशी दाजी एसटीनं नांदेडला हजर. हातात स्टीलचा डबा, मांडीवरून खाली न ठेवता आणलेला. बायकोला वाटलं, ताईनं धपाटे पाठवले. झाकण उघडलं तर आत ओला, काळा, शेवाळी वासाचा स्पंजाचा तुकडा.

"निम्मा कापून आणला," दाजी म्हणाले. "पुरातला हाय. तुमच्या फिल्टरात टाका, पोराला सहा आठवडे वाट बघायला नको." आणि माझ्याकडे बघून, "धुवू नका."

पोराचे दोन्ही मासे अजून आहेत. डबा मात्र बायकोनं त्यांच्याच हाती परत पाठवला.