घडी नसलेला दस्तऐवज

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एकतीस वर्षे कारकुनी केलेल्या मनुष्यास निवृत्तिवेतनाव्यतिरिक्त एक पाठदुखी लाभते आणि दुसरा लाभ म्हणजे, फार स्वच्छ कागद दृष्टीस पडला की त्याच्या अंगावर काटा उभा राहतो. अस्सल खरेदीखताच्या घड्या झिजलेल्या असतात, एखादा कोपरा कसरीने खाल्लेला असतो, आणि चतुःसीमा लिहिताना कारकुनाने पूर्वेस पश्चिम करून मग खाडाखोडीवर सही ठोकलेली असते; बनावट दस्तऐवज मात्र मुंजीतल्या बटूसारखा न्हाऊनमाखून, गंध लावून आपणांसमोर येतो. एवढी विद्या गाठीशी असूनही मी गतवर्षी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट टेकवून, टपालखर्चासह साडेचौदाशे रुपयांस, एक ट्रायलोबाइट विकत घेतला.

हा प्राणी म्हणजे संधिपाद संघातला एक समुद्रवासी जीव. पाठीचे उभे तीन खंड पडतात म्हणून त्यास हे नाव मिळाले. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी तो खडकांच्या दप्तरात प्रथम रुजू झाला, २० हजारांहून अधिक जातींचा विस्तार करून गेला, आणि २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहारात निर्वंश झाला. आपल्या दख्खनचा काळा पाषाण जन्मास आला तो त्यानंतर कितीतरी काळाने, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. सबब सह्याद्रीच्या कातळात कोणी ट्रायलोबाइट सापडल्याचे सांगू लागल्यास त्याची जबानी घेण्याचीही गरज नाही. हिमालयातल्या स्पितीच्या खोऱ्यात तो आढळतो, परंतु बाजारात जो माल येतो त्याचा मोठा भाग मोरोक्कोतला, सहाराच्या काठावरील अरफूद, रिसानी आणि अल्निफ या गावांच्या आसमंतातला असतो.

माझा मुद्देमाल आला तो कापसाच्या गादीवर पहुडून, आणि सोबत सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र घेऊन. त्यावर 'शंभर टक्के अस्सल' असा दाखला होता आणि खाली सही होती ती विक्रेत्याचीच. आमच्या कचेरीत दस्त लिहून देणाऱ्यानेच साक्षीदार म्हणूनही अंगठा उठवला असता तर त्यास चहा पाजून परत पाठवले असते. येथे मी ते प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीस लावले. प्राणी काळाभोर, तुकतुकीत; पाठीवर काट्यांची रांग, त्यांतला एकही मोडलेला नाही. ३९ कोटी वर्षे पर्वताखाली दडपून राहूनही ज्याच्या केसास धक्का लागला नाही असा हा महात्मा आमच्या काचेच्या कपाटात, नातवाच्या चषकांशेजारी, स्थानापन्न झाला.

जुनी खोड शांत बसू देईना. एके दुपारी भिंग घेऊन पंचनाम्यास बसलो, तो पाठीवर सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे दिसली. साच्यात राळ ओतताना अडकलेले हवेचे बुडबुडे फुटले की अशीच छिद्रे राहतात. डोळे पाहावे तर दोन गुळगुळीत गोळ्या. वास्तविक फॅकॉप्स कुळातल्या ट्रायलोबाइटाचे नेत्र हे सृष्टीतले एक आश्चर्य आहे. कॅल्साइट या खनिजाची सुटी सुटी भिंगे मधाच्या पोळ्याप्रमाणे ओळीने मांडलेली असतात आणि ती चांगल्या नमुन्यात आजही मोजता येतात. नकलाकाराने काट्यांवर जेवढा जीव टाकला त्याच्या शतांशही डोळ्यांवर टाकला नव्हता, कारण गिऱ्हाईक काटे पाहते हे त्यास ठाऊक होते. उरलेला संशय तापलेल्या सुईने फेडला: पोटाशी टोक टेकताच घरभर वास सुटला, आणि सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारले, "अहो, बादली जळतेय का?"

परंतु सर्वांत मोठा पुरावा छिद्रांचा नव्हे, तड्याचा होता. म्हणजे तो नव्हता, हाच पुरावा. अल्निफकडील खाणकामगार हातोडा-छिन्नीने चुनखडक फोडतो, तेव्हा प्राणी आख्खा बाहेर येत नाही. फुटलेल्या कडेवर त्याचा आडवा छेद तेवढा एखाद्या रेघेसारखा दिसतो. दोन्ही तुकडे सरसाने जुळवतात आणि मग कारागीर सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक भुकटीचा झोत मारीत, भोवतालचा खडक कणाकणाने उतरवतो; काटेरी जातींवर असे शेकडो तासही खर्ची पडतात. म्हणून अशा अस्सल नमुन्याच्या खडकात जोडाची एक रेघ बहुधा असते आणि ती खडकातून निघून प्राण्याच्या पाठीवरून पलीकडे जाते. हीच ती कागदाची घडी! एकतीस वर्षे जी मी बोटांनी चाचपली, ती दगडात शोधण्याचे मला सुचले नाही. आणि शेकडो तासांची मजुरी साडेचौदाशेत कशी बसते, हे त्रैराशिकही मांडावेसे वाटले नाही.

तसे पाहता पैसे देण्यापूर्वीच पुष्कळ तपास करता आला असता. बाजूने, खालून, तिरप्या उजेडात काढलेली छायाचित्रे मागवता आली असती. अतिनील दिव्याखाली एखादे छायाचित्र मागवले असते, तर खडक आणि राळ पुष्कळदा निरनिराळी उजळतात, हे तरी दिसले असते. निदान इतर दुकाने चाळली असती तर माझ्या प्राण्याचे दोन सख्खे जुळे भाऊ, तोच तिसरा काटा तितकाच डावीकडे झुकलेला, अन्य दोन विक्रेत्यांकडे बसलेले आढळले असते. दोन सह्या तंतोतंत जुळल्या की त्यांतली एक तरी खोटी, हा आमच्या कचेरीतला पहिला धडा. येथे तिन्ही खोट्या होत्या.

निसर्गाचा कारकून चुकतो, नकलाकार सहसा चुकत नाही. वॉलिसेरॉप्स नावाच्या ट्रायलोबाइटाच्या मस्तकापुढे त्रिशूळ असतो. पण त्याचा एक नमुना तीनांऐवजी चार टोके घेऊन जन्मला, आणि त्याच्याच आधारे गिशलिक आणि फोर्टी या संशोधकांनी २०२३ साली तो त्रिशूळ परस्परांशी झुंजण्यासाठी असावा असे प्रतिपादिले. चार टोकांचा त्रिशूळ कोणता नकलाकार घडवील? गिऱ्हाईक तो 'सदोष' म्हणून परत पाठवील!

अर्धसत्याचाही येथे सुकाळ आहे. एकाचे मस्तक, दुसऱ्याचे धड आणि भोवताली रंगवलेला गिलावा, असे संयुक्त कुटुंब एकाच नावावर खपवले जाते; मोठ्या फूटभर लांबीच्या नमुन्यांत हे विशेष. मोडका काटा राळेने पुरा केला आणि तसे लिहून दिले तर माझी हरकत नाही, तो जीर्णोद्धार झाला. लिहून दिले नाही तर ती अफरातफर. आणि कधी माल अस्सल असून पत्ताच खोटा असतो. १९८९ साली ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले की, आपल्याकडील एका प्राध्यापकांनी हिमालयातले म्हणून प्रसिद्ध केलेले काही जीवाश्म थेट अरफूदच्या बाजारातल्या मालासारखे होते. ते जीवाश्म ट्रायलोबाइटांचे नव्हते, पण चतुःसीमा न लिहिलेला जीवाश्म का घेऊ नये, हे त्यावरून मला उमगले. नमुना कोणत्या देशाचा, कोणत्या थराचा, हे न सांगणारा विक्रेता गट नंबर न सांगता जमीन विकणाऱ्यासारखाच.

विक्रेत्यास मी फिर्याद लिहिली. उत्तरी कळवण्यात आले की, प्रमाणपत्र चौकटीत बसवल्याने माल परत घेता येत नाही.

मग मी विचारपूर्वक दुसरा घेतला: अमेरिकेतील युटा प्रांतातला एल्राथिया, सुमारे ५० कोटी वर्षांचा, नखाएवढा, काळपट. तो इतका विपुल मिळतो की त्याची नक्कल करणे कोणास परवडत नाही. एका गालाचा काटा तुटलेला, कडेस चीर. त्या दिवशी शेजारचे नाना आले, तेव्हा मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्याची वंशावळ सांगू लागलो. नानांनी तो सुपारीच्या खांडासारखा उलटसुलट केला, परत दिला, आणि कपाटातल्या दुसऱ्याकडे बोट दाखवले. तो राळेचा आहे, बनावट आहे, त्याच्यावर मी साडेचौदाशे रुपये घालवले आहेत, हे सर्व मी त्यांस सविस्तर निवेदन केले.

नानांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "यातच जरा तपकिरी रंगात मिळेल का हो? आमच्या सोफ्याला जाईल."