डिस्कचं संवर्धन

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात इजिप्तची ममी काचेआड सुखरूप आहे. दांडिया बाजारातल्या घरात गेमची ब्लू-रे डिस्क महिनाभर टिकली तर पेढे वाटावेत. ब्लू-रेवरची माहिती पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असते, आणि त्या पृष्ठभागावर चिरंजीवांची ‘लीलो चेवडो’ चिवड्याने माखलेली बोटं. धाकटी तीच डिस्क वरणाच्या वाटीखाली घेते. मग आजोबा ती धोतराच्या सोग्याने गोल गोल पुसतात, अगदी प्रेमाने! (पुसायची मऊ कापडाने, मध्यापासून कडेकडे, सरळ. पण आजोबांना सांगणार कोण?) महाराजा सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं; डिस्क डबीत ठेवण्याचा धडा तेवढा राहिला. तेव्हा पालकहो, डबी कपाटात आणि किल्ली आजीकडे. आजोबांकडे नको.