जांभळी बोटं

माझ्या बोटांवरून माझी बायको एके काळी कारखान्याचा ताळेबंद सांगायची. बोटं गडद जांभळी असली की महिनाअखेर, आज जेवताना काही विचारायचं नाही. फिकट असली की महिन्याचा पहिला आठवडा, पंख्याचा विषय काढायला हरकत नाही. आणि अगदी स्वच्छ असली की संप.

१९७५ साली मी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात पीपीसीमध्ये चिकटलो. पीपीसी म्हणजे उत्पादनाचं नियोजन आणि नियंत्रण. यातलं नियोजन साहेब करत, नियंत्रण कुणाच्याच हातात नव्हतं आणि मधली कागदपत्रं आम्ही करत होतो. त्या कागदपत्रांसाठी कोपऱ्यात एक यंत्र होतं. ते कुठल्या कंपनीचं होतं देव जाणे; पण वनस्पती तुपाचा कुठलाही डबा जसा डालडा, तसं असलं कुठलंही यंत्र आमच्याकडे ऑर्मिग. ऑर्मिग ही मूळ जर्मन कंपनी. विल्हेल्म रिट्झरफेल्ड नावाच्या गृहस्थाने १९२३ साली ही युक्ती काढली. इंग्लंडातल्या शाळांत याच जातीच्या यंत्राला बांडा म्हणत, अमेरिकेत डिट्टो. तिकडच्या पोरांना म्हणे परीक्षेची प्रश्नपत्रिका हातात पडली की आधी नाकाला लावायची सवय होती, इतका स्पिरिटचा वास ताजा असायचा. आमच्या कामगारांनी जॉब कार्ड कधी नाकाला लावलं नाही. त्यावरचे पीस रेट वाचूनच त्यांना पुरेशी झिंग यायची.

यंत्राची गंमत अशी की त्यात शाईचा थेंब नसे. सगळी करामत मास्टरची. मास्टर म्हणजे तीन कागदांचं सँडविच. वर पांढरा, गुळगुळीत कागद. खाली मेणात घोटलेला जांभळा रंग चढवलेला कार्बन, आणि मध्ये दोघांनी एकमेकांना अकाली चिकटू नये म्हणून घातलेला पातळ टिश्यू. लग्नाआधी मुलामुलीच्या मध्ये बसणाऱ्या आत्यासारखा. साध्या कार्बनचं तोंड खाली असतं, याचं वर. टिश्यू काढायचा, वरच्या कागदावर टाइप करायचं किंवा बॉलपेनने दाबून लिहायचं, की खालचं जांभळं मेण वरच्या कागदाच्या पाठीला जाऊन चिकटतं. अर्थात उलटं, आरशातल्यासारखं. मग तो कागद पाठ बाहेर करून यंत्राच्या रुळावर लावायचा आणि हँडल फिरवायचं. कोरा कागद स्पिरिटने नुसता ओलसर होऊन आत जातो, रुळावर दाबला जातो, थोडा रंग विरघळवून घेतो आणि जांभळा होऊन बाहेर पडतो. उलट्याचं उलटं झाल्यामुळे अक्षर सुलट. चूक झाली तर मास्टर पालथा करायचा, उलटं अक्षर वाचायचं आणि ब्लेडने खरवडायचं. त्या सवयीने मला आजही समोरच्या माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र मागून वाचता येतं. एसटीत याचा फार उपयोग झाला.

टिश्यू काढायला विसरलं तर? अर्धा तास खपून चाळीस ओळी टाइप करायच्या, मास्टर उचलून पाठ बघायची, तर पाठ विधवेच्या कपाळासारखी कोरी, असं आमचे हेडक्लार्क म्हणायचे. उपमा आज चालणार नाही, तेव्हाही मला आवडली नव्हती. पण टिश्यू विसरणाऱ्याला ते याहून वाईट बोलत, ते इथे लिहीत नाही.

लाल आणि हिरवे कार्बनही मिळत. मास्टरखाली ओळीपुरता कार्बन बदलला की एकाच फेरीत दोन-तीन रंग छापून निघत. ठरलं असं की अर्जंट काम तेवढं लाल करायचं. दोन महिन्यांत लाल कार्बन संपले आणि जांभळ्यांचा गठ्ठा तसाच राहिला, कारण कारखान्यात अर्जंट नसलेलं कामच उरलं नव्हतं. मग साहेबांनी फर्मान काढलं की यापुढे खरं अर्जंट काम जांभळ्यात छापावं.

आता यंत्राची खोड. प्रत्येक प्रत मास्टरवरचा थोडा रंग घेऊन जाते. पहिल्या पन्नास-साठ प्रती झकास, पुढे शंभरीकडे जाता जाता अक्षर आजारी पडतं, आणि त्यानंतर जे उमटतं ते श्रद्धेने वाचावं लागतं. आमची वाटपाची यादी हुद्द्याप्रमाणे होती. पहिली प्रत वर्क्स मॅनेजर, मग त्यांचे दोन सहायक, मग खातेप्रमुख, मग त्यांचे सहायक, मग तपासणी, हिशेब, फाइल, फाइलची फाइल, फोरमन, चार्जहँड आणि शेवटी मशिनवरचा माणूस. म्हणजे ज्याला तो कागद वाचून लोखंड कापायचं होतं, त्याच्या हाती एक लांबट जांभळी शंका यायची.

व्हायचं तेच झालं. एका शाफ्टचा व्यास होता अडतीस मिलिमीटर. इंग्रजी आठाची डावी बाजू उडाली की तीन होतो. आमच्या टर्नरने प्रत उजेडाला धरली, मागून पाहिली, पुढून पाहिली, शेजाऱ्याला दाखवली आणि चाळीस शाफ्ट तेहतीसवर उतरवले. लोखंड जास्त राहिलं तर कापता येतं; कापलेलं परत लावता येत नाही. चौकशी बसली. वर्क्स मॅनेजरनी खणातून आपली प्रत काढली. पहिली प्रत, घडीही न मोडलेली, अक्षर कसं जांभळंशार. टेबलावर ठेवून म्हणाले, “इतकं स्पष्ट लिहिलंय, दिसत नाही?” टर्नरने ती प्रत हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, “साहेब, असा कागद असतो हे आजच समजलं.”

मेमो त्यालाच मिळाला. मेमोही आम्हीच छापला होता. पण एकच प्रत असल्यामुळे छान उठला.

त्या दिवसापासून मी कुणाला न सांगता गठ्ठा उलटा केला. पहिल्या प्रती शॉपवर आणि शेवटच्या प्रती केबिनमध्ये. मी तीन महिने जीव मुठीत धरून होतो. वर्क्स मॅनेजरच्या टेबलावर जो कागद जायचा, त्यावर फार तर कारखान्याचं नाव आणि एखादा मात्राबित्रा शिल्लक असायचा. एकही तक्रार आली नाही. प्रतीवर ‘पाहिलं’ असा शेरा आणि सही मात्र न चुकता येत राहिली. नोकरीच्या छत्तीस वर्षांत मी कंपनीची केलेली ही एकमेव सुधारणा, आणि तिची कुठे नोंद नाही.

स्पिरिटचा अध्याय वेगळा. राज्यात दारूबंदीचा कायदा, कारखान्यात स्टोअरकीपर माळकरी आणि स्पिरिट हा शब्दच वाईट. त्यात बहुतांशी मिथेनॉल असतं, म्हणजे शुद्ध विष, पोटात गेलं तर डोळे जातात आणि पाठोपाठ माणूसही. हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “हे मला कळतंय हो, पण पिणाऱ्याला कळतंय का?” मुद्दा बिनतोड होता. लिटरभर स्पिरिटला तीन सह्या लागत आणि बाटली परत करताना ते आधी बाटलीचा वास घेत, मग आमचा. दाराशी त्यांनी स्वहस्ते पाटी लावली होती, ‘हे पिऊ नये’. खाली कुणीतरी जांभळ्या बोटाने ‘रिकाम्या पोटी’ असं जोडलं होतं. त्यांनी आम्हा चौघांच्या बोटांची तपासणी केली. चौघांचीही जांभळी. पुरावा इतका भरपूर होता की काहीच सिद्ध होईना.

हा रंग तसा बुजुर्ग. कोळशाच्या डांबरापासून हिवतापाचं औषध करायला निघालेल्या विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज पोराला १८५६ साली औषधाऐवजी जांभळा रंग सापडला, आणि तिथून या सगळ्या रासायनिक रंगांचं खानदान सुरू झालं. त्याच खानदानातलं जेन्शन व्हायोलेट लहानपणी तोंड आलं की डॉक्टर आमच्या जिभेला फासत. हे नातं मला माझ्या लग्नाच्या वेळी नडलं. कागद मोजताना बोट जिभेला लावायची माझी सवय. मार्गशीर्षातला शनिवार, अर्धा दिवस काम करून तसाच मुलगी पाहायला गेलो. पोहे आले, मुलगी आली, प्रश्न झाले. मुलीची आजी मात्र एकटक माझ्या ओठांकडे पाहत होती. शेवटी तिने विचारलं, “जांभळं खाऊन आलात का?” मी घाबरून हो म्हटलं. खोलीत शांतता पसरली. मार्गशीर्षात जांभळं कुठल्या झाडाला लागतात, याचा विचार सगळे एकदम करू लागले. माझ्या वडिलांनी सावरायला म्हणून “त्याला तोंड आलंय” असं सांगितलं. म्हणजे मुलगा खोटारडा की रोगट, एवढाच पर्याय त्या घरापुढे उरला. मुलीनेच माझी बोटं पाहिली आणि म्हणाली, “ऑर्मिग का?” तिचे मामा दुसऱ्या एका कारखान्यात पीपीसीत होते. पंचेचाळीस वर्षं उलटली, तरी ती मला खोटारडाच समजते. रोगट मात्र नाही.

आमच्या कारखान्यात छपाईची दोन घराणी होती. आम्ही जांभळे, आणि पर्सोनेल खात्यातले सायक्लोस्टाइलवाले काळे. त्यांचं मेणकागदी स्टेन्सिल, त्याला टाइपरायटरने भोकं पाडायची, चुकलं तर नेलपॉलिशसारखं लाल द्रव्य लावून बुजवायचं आणि वरून खरी काळी शाई. एका स्टेन्सिलवर हजारभर प्रती सहज निघत. त्यामुळे ते स्वतःला छापखाना समजत आणि आम्हाला पत्रावळ. कॅन्टीनमध्ये आम्ही एका बाकावर बसत नसू.

हे वैर मिटलं १९७७ च्या मार्चात. आणीबाणीनंतरची निवडणूक, महापालिकेच्या शाळेत ही लांब रांग. माझा नंबर आला. अधिकाऱ्याने डाव्या हाताची तर्जनी मागितली. मी पुढे केली. मतदानाची ती म्हैसूरची शाईसुद्धा जांभळटच. त्याने तर्जनी पाहिली, मग मधलं बोट पाहिलं, मग म्हणाला, “दुसरा हात.” दहा बोटं पाहिल्यावर त्याचा चेहरा असा झाला, की या इसमाने सकाळपासून दहा मतं दिली आहेत आणि आता पायाची बोटं घेऊन आला आहे. दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी उठले. त्या दिवशी त्यांचं एकमत झालेली ही एकच बाब. प्रत्येकाला खात्री होती की ती दहाच्या दहा मतं दुसऱ्याला पडली आहेत. मी मास्टर, मेण, स्पिरिट असं काहीबाही सांगू लागलो. स्पिरिट म्हटल्यावर पोलीसही जवळ आला. शेवटी केंद्राध्यक्षांना बोलावलं. ते कुठल्याशा सरकारी कचेरीतले, चष्मा कपाळावर चढवलेले. त्यांनी माझा अंगठा उजेडात धरला, नखाच्या कडेला पाहिलं, वास घेतला आणि हळूच विचारलं, “स्पिरिट ड्युप्लिकेटर?” मी मान डोलावली. त्यांनी आपला हात पुढे केला. नखांच्या खाचांत काळी रेघ. “आमचं सायक्लोस्टाइल. बावीस वर्षं. मत देऊ द्या यांना.”

बोटांचा जांभळा रंग स्पिरिटने पुसूनही कधी पूर्ण जात नसे, पण त्या वर्षी मताची शाई लावलेलं ते एक बोट मी मुद्दाम स्पिरिटला लागू दिलं नाही.

यंत्र कधी गेलं ते नीटसं आठवत नाही. एक दिवस कॉम्प्युटर आला, त्याचा करकर आवाज करणारा प्रिंटर आला आणि ऑर्मिगवर लोक डबे ठेवू लागले. छापलेले कागद तर आधीच गेले होते. त्या रंगाला उजेड सोसत नाही. खिडकीजवळची फाइल दोन-चार उन्हाळ्यांत आपोआप गोपनीय व्हायची.

परवा नात म्हणाली, “आजोबा, टॅटू काढायला चला.” तिला दंडावर आजीच्याच अक्षरात ‘जेवलीस का?’ असं गोंदवून घ्यायचं होतं. आजीने कागदावर लिहून दिलं होतं. मला नेलं ते आई-वडिलांनी रागवू नये म्हणून. दुकान थंडगार, गोंदणारा मुलगा मानेपर्यंत नक्षीदार. त्याने खणातून एक कागद काढला. वर पांढरा, मध्ये टिश्यू, खाली जांभळा कार्बन. मला खुर्चीत बसल्या बसल्या स्पिरिटचा वास आला. हे काय, विचारलं. म्हणाला, “स्टेन्सिल पेपर, काका. यावर डिझाइन काढायचं, स्किनवर दाबायचं की छाप उठतो. मग त्यावरून सुई.” रुळाच्या जागी माझ्या नातीचा दंड, बाकी सगळं तेच. त्याने आजीचा कागद वर ठेवला आणि बॉलपेन टेकवलं.

“टिश्यू!” मी ओरडलो.

तो दचकला, नात दचकली, शेजारच्या खुर्चीवरचा अर्धा वाघ दचकला. मुलाने पाहिलं, खरंच टिश्यू आतच होता. त्यानंतर त्याने मला काका म्हणणं सोडून सर म्हणायला सुरुवात केली. गिरवून झाल्यावर मी हक्काने मास्टर मागून घेतला, पालथा केला आणि वाचला. बायकोने ‘जेवलिस’ लिहिलं होतं, ऱ्हस्व. मी ब्लेड मागितलं.

“काय करताय?” नात म्हणाली.

“वेलांटी ऱ्हस्व आहे. दोन मिनिटांचं काम. इथे खरवडायचं, कोऱ्या कार्बनचा तुकडा ठेवायचा आणि…”

“आजीची आहे ना? राहू दे.”

मी मास्टर परत केला.

घरी आल्यावर बायकोने दंड पाहिला. चष्मा लावून परत पाहिला. “अगं बाई, हे ऱ्हस्व लिहिलं मी? आणि तुम्ही तिथे बसून काय करत होतात?” मी काही बोललो नाही. तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. तिने बोटं उलटसुलट करून पाहिली, म्हणाली, “महिनाअखेर वाटतं,” आणि करोनापासून फ्रिजवर पडून असलेली सॅनिटायझरची बाटली आणायला आत गेली. सही न घेता.