फुललं तर दुकानाचं, वाळलं तर माळ्याचं

पाण्याची नळी पन्नास फुटी हवी की शंभर फुटी? पितळी तोटीची की प्लास्टिकच्या तोटीची? गोल फिरणारा फवारा, ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारा टायमर, ठिबकचा अख्खा संच? अमेरिकेतल्या घरदुरुस्तीच्या अवाढव्य दुकानांत पाणी घालण्याच्या साधनांना एक पूर्ण गल्ली दिलेली असते. त्याच गल्लीच्या तोंडाशी, ऐन मे महिन्यात, हायड्रेंजियाची पन्नासेक झाडं माना टाकून उभी असतात. पाण्यावाचून.

आमच्या न्यू जर्सीतल्या अशाच एका दुकानात (नाव घेत नाही, सगळ्यांकडे हाच देखावा आहे) एप्रन घातलेल्या पोराला मी विचारलं, "यांना पाणी कोण घालतं?" तो शांतपणे म्हणाला, "ती आमची नाहीत."

दुकानाच्या अंगणात मांडलेली, दुकानाची किंमत चिकटवलेली, दुकानाच्या जाहिरातीत पहिल्या पानावर झळकलेली झाडं दुकानाची नाहीत! पण पोरगा खोटं बोलत नव्हता. होम डेपो, लोज अशा साखळी दुकानांत रोपांचा बराचसा व्यवहार 'पे बाय स्कॅन' पद्धतीने होतो. रोप नर्सरीवाल्याचं. ट्रकमधून उतरलं तरी त्याचंच, फळीवर चढलं तरी त्याचंच. गल्ल्यावर बारकोडवर लाल उजेड पडून 'टूं' झालं, की त्या क्षणी दुकान ते विकत घेतं आणि त्याच क्षणी तुम्हाला विकतं. दुकानाची मालकी त्या एका टूंपुरती. त्याआधी वाळलं, कुजलं, वाऱ्याने आडवं झालं, तर नुकसान माळ्याचं.

आमच्या छापील धंद्याला ही रीत नवी नाही. दिवाळी अंक स्टॉलवर असेच जातात: खपले तर पैसे, उरले तर गठ्ठे परत. फरक इतकाच, की दिवाळी अंकाला रोज पाणी घालावं लागत नाही. (काहींत संपादकांनी ते आधीच भरपूर घातलेलं असतं.)

मग रोपांना पाणी कोण घालणार? नर्सरीवाल्यानेच आपली माणसं दुकानोदुकानी पाठवायची. ती सकाळी येतात, नळी फिरवतात, सुकलेली फुलं खुडतात आणि पुढच्या गावच्या दुकानाकडे पळतात. दुपारी डांबरी पार्किंगच्या कडेला काळ्या प्लास्टिकची कुंडी तापते. आत माती नसतेच, पीट आणि झाडाची साल असते. पीट एकदा खडखडीत वाळलं की पाणी धरत नाही. वरून ओतलेलं पाणी कडेकडेने खाली निघून जातं, कुंडी ओली दिसते आणि मुळं कोरडीच राहतात. पाणी घातल्याचं समाधान सगळ्यांना, झाड सोडून.

नर्सरीवाला काही खुळा नाही. आपलं रोप वर्षभर जगलं काय आणि महिन्यात गेलं काय, त्याला पैसे मिळतात ते टूं झाल्यावर. मग तो सगळी कला ओततो ती रोप ट्रकमधून उतरतं त्या दिवसावर. त्या दिवशी ते खरोखर देखणं असतं, हेही सांगायला हवं. जाणकार गिऱ्हाईक झाड बघण्याआधी ट्रकचा वार विचारतं.

हे देखणेपण कसं आणतात, ते कोकणातल्या आंबेवाल्यांना चटकन कळेल. कल्टार त्यांच्या रोजच्या बोलण्यातलं. त्यातलं औषध म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. हापूसच्या बुंध्याशी ते घालतात, कारण झाडाची नुसती पालेदार वाढ आवरते आणि मोहोर लवकर, शक्य तर दरवर्षी येतो. तेच औषध इथल्या हरितगृहांत कुंडीतल्या फुलझाडांना देतात. इथे हेतू असा, की झाड बुटकं, गच्च आणि गुटगुटीत राहावं. ट्रकमधल्या मांडणीच्या दोन फळ्यांत जेवढं अंतर, तेवढ्यात ते बसलं पाहिजे. झाडाची उंची निसर्गाने नव्हे, सुताराने ठरवलेली. घरी आणल्यावर काही आठवड्यांनी औषधाचा अंमल उतरतो, झाड लांबलांब फांद्या टाकतं आणि आपण एकमेकांना सांगतो की याला ऊन कमी पडतंय.

औषधाचं एक वेळ समजू शकतं. डिंकाचं काय?

बोटभर निवडुंग, त्याच्या डोक्यावर गुलाबी फूल. फूल हलवून बघितलं तर हलेना. नखाने जरा उचकटलं तर खाली पारदर्शक गोंदाचा थेंब. गरम करून चिकटवलेला, बाजूचे काटे त्यात अडकलेले. फूल कागदासारख्या पाकळ्यांच्या स्ट्रॉफ्लॉवरचं, वाळवलेलं. यातली खरी करामत पुढे आहे. या फुलाच्या पाकळ्या मेल्यावरही हवेतल्या ओलाव्याप्रमाणे मिटतात आणि उमलतात. म्हणजे चिकटवलेलं मढं रोज तुमच्या खिडकीत उघडझाप करतं आणि तुम्ही फोटो काढून नाशिकला आईला पाठवता. त्याच रांगेत निळ्या आणि जांभळ्या रंगाचा फवारा मारलेली सक्युलंट्स असतात (पानांवर रंग बसला की झाड उजेड खाणार कसं, हे विचारायचं नाही). काही कुंड्यांत वरची खडी एकमेकांना चिकटवून फरशीसारखी केलेली असते. वाहतुकीत सांडू नये म्हणून. पाणीही आत जात नाही, पण त्याची सोय बघणं हे तुमचं काम. आणि निळंशार ऑर्किड! पांढऱ्याच ऑर्किडच्या दांड्यात रंग सोडलेला. पुढच्या मोसमात फूल पांढरं येतं.

नावाची तर बातच सोडा. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: 'विविध हिरवी झाडं'. उन्हात ठेवा की सावलीत, केवढं वाढेल, मांजराने खाल्लं तर चालेल का, काही नाही. बारकोड मात्र स्वच्छ छापलेला.

इथवर गंमत म्हणून सोडून देता आलं असतं. स्वस्तात घेतलं, स्वस्तात मेलं. पण रोप एकटं येत नाही. २००९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या ईशान्य भागात टोमॅटोवर उशिराचा करपा इतक्या लवकर आणि इतका दूरवर पसरला, की अनुभवी शेतकरीही चक्रावले. मोठ्या साखळी दुकानांत विकायला आलेल्या टोमॅटोच्या रोपांवर तो सापडला होता. त्या वर्षी पाऊस आणि गारवा करप्याला हवा तसाच होता. परसात चार रोपं लावणाऱ्याने रोग ओळखला नाही, आणि वाऱ्याने तो शेजारच्या सेंद्रिय शेतावर नेला. ही तीच बुरशीसारखी जात, जिने १८४५ पासून आयर्लंडचे बटाटे नासवले आणि तिथल्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली. आता ती प्लास्टिकच्या कपात, सवलतीच्या दरात मिळाली.

२०१९ मध्ये तिच्याच भाऊबंदांतली दुसरी, ओकची झाडं मारणारी, ऱ्होडोडेन्ड्रॉनच्या कुंड्यांतून निघाली. संशयित माल अठरा राज्यांत पोचला होता, त्यात वॉलमार्टची दुकानंही होती. एका नर्सरीचा आजार पूर्वी एका तालुक्याला व्हायचा.

याच देशात कढीपत्त्याची काय वट आहे बघा. लिंबूवर्गीय बागा बुडवणारा ग्रीनिंग रोग पसरवणाऱ्या सिला किडीला कढीपत्ता फार आवडतो. त्यामुळे जिथे ती कीड आहे त्या फ्लोरिडासारख्या भागांतून कढीपत्त्याचं झाड बाहेर न्यायला कडक निर्बंध आहेत. कायदा रास्तच आहे, फ्लोरिडाच्या संत्र्यांची दैना बघितली की पटतं. फक्त आपली एखादी मावशी फ्लोरिडातल्या लेकीकडून वीतभर कढीपत्ता गाडीच्या डिकीत घालून निघाली की ती देशाच्या शेतीला धोका. ऱ्होडोडेन्ड्रॉनलाही नियम होते, तपासण्या होत्या. पण ते ट्रकभर होतं आणि त्याच्याकडे कागद होते.

मधमाश्यांची गोष्ट याहून सरस. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठ्या दुकानांतून फुलझाडं आणून तपासली. मधमाश्यांसाठी उत्तम म्हणून विकली जाणारी फुलझाडं! सत्तर टक्क्यांहून अधिक झाडांत निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं सापडली, म्हणजे मधमाश्यांच्या जिवावर उठल्याचा आरोप असलेलीच. तिथल्या बी अँड क्यू या साखळीने मग २०१८ पासून आपल्या झाडांना ही औषधं बंद केल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत होम डेपोने आधी २०१४ मध्ये लेबलची वाट धरली. लेबलची भाषा अशी, की मावा, पांढरी माशी वगैरेंपासून या रोपाचं रक्षण केलेलं आहे. वाचणाऱ्याला वाटावं, विम्याचा हप्ताही भरलाय. पुढे आरडाओरडा वाढला तेव्हा औषध सोडायची आश्वासनं आली.

कुणी म्हणेल, पुण्याचा नर्सरीवाला काय संत आहे? मुळीच नाही. सोलापूर रस्त्यावरून आणलेला फुलांनी लदलेला गुलाब पंधरा दिवसांत काड्या होतो, आणि "साहेब, फक्त पाणी घाला" हा त्यांचा वेद. पण तो समोर असतो. काड्या घेऊन जाऊन त्याच्याशी भांडता येतं, तो "तुम्ही जास्त पाणी घातलं" म्हणून उलटं ऐकवतो, शेवटी एक मोगरा फुकट देतो. साखळी दुकानात भांडायचं कुणाशी? पोरगा म्हणतो, आमचं नाही. ज्याचं आहे तो तीनशे मैलांवर, आणि त्याचीही तऱ्हा बरी नाही. या साखळ्यांना माल पुरवणारी कॅलिफोर्नियातली कलर स्पॉट ही देशातल्या सगळ्यांत मोठ्या नर्सऱ्यांपैकी एक होती. २०१८ च्या मे महिन्यात, म्हणजे रोपांच्या ऐन सराईत, ती दिवाळखोरीच्या कोर्टात गेली.

भांडणाची सोय मात्र साखळ्यांनी वेगळी करून ठेवली आहे. झाडं आणि झुडपं यांना त्यांतल्या अनेकजणी वर्षभराची हमी देतात. पावती जपायची, झाड मेलं की मढं आणि पावती घेऊन जायचं, पैसे परत. पावत्या जपण्यात आपली मंडळी जगात कुणाला हार जायची नाहीत. त्यामुळे शनिवारी परतीच्या खिडकीशी गळका नळ, चुकीच्या मापाचा पडदा आणि बिघडलेलं ड्रिल यांच्या रांगेत आमचे एक कुलकर्णी सहा फुटी वाळका देवदार खांद्यावर घेऊन उभे राहिले. खिडकीतल्या बाईंनी पावती बघितली, बारकोड शोधून टूं केलं आणि संगणकाच्या पडद्याकडे बघत विचारलं, "परत करण्याचं कारण?"

"मेलं."

"हे यादीत नाही. 'आवडलं नाही' लिहू का?"